पाण्याचा कठीणपणा : जव्हार-मोखाडा खंड

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येईनासा होतो. पाण्याच्या या गुणधर्माला कठीणपणा म्हणतात. शालेय विज्ञानात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ आणि उलट स्वभावाच्या पाण्याला ‘सुफेन’ अशी नावे आहेत. वार्षिक परीक्षा आटोपली की ही दोन्ही नावे पुस्तकातच मुक्कामाला राहतात. मोरीत आणि स्वयंपाकघरात पाणी ‘जड’ असते, ‘मचूळ’ असते किंवा ‘बोअरचं’ असते. यांपैकी तिसरे हे वर्णन नसून तक्रार आहे.

पावसाचा थेंब ढगातून निघतो तेव्हा त्याच्याजवळ क्षार जवळजवळ नसतात. वाटेत हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात थोडा विरघळतो, थेंब किंचित आम्लधर्मी होतो आणि जमिनीत शिरल्यावर भेटेल त्या खडकाला झिजवत पुढे सरकतो. चुनखडी लवकर दाद देते, काळा बेसाल्ट सहसा देत नाही. पाणी जमिनीखाली जितके दिवस मुरेल तितके क्षार वाढतात. म्हणून धरणाचे पाणी सहसा मऊ, विहिरीचे मध्यम आणि खोल बोअरचे कठीण निघते. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा जास्त झाला की समुद्रच जमिनीखालून आत सरकतो आणि बोअरच्या पाण्याला मीठ घालण्याची सोय आपोआप होते.

कठीणपणा मोजण्याची शिस्तशीर पद्धत स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. बुचाच्या बाटलीत ठराविक पाणी घ्यायचे, त्यात साबणाचे द्रावण थोडेथोडे टाकून खळखळवायचे आणि फेस टिकेपर्यंत किती साबण लागला ते मोजायचे. आता हे मोजमाप एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, या हिशेबात सांगतात. ६० पर्यंतचे पाणी मऊ, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे कठीण आणि त्यापुढचे अतिकठीण अशी एक प्रचलित विभागणी आहे.

घरगुती चाचणी याहून जुनी असून ती तुरीच्या डाळीवर होते. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियम जोडले जाते आणि डाळ गळायला तयार होत नाही. तीन शिट्ट्यांचे काम सहा शिट्ट्यांवर जाते. या घटनेचा दोष ठरलेल्या क्रमाने लावला जातो : आधी डाळ, मग वाणी, मग कुकरची रिंग, मग सूनबाई. पाण्याचा क्रमांक लागेपर्यंत डाळ शिजलेली असते, त्यामुळे चौकशी तिथेच थांबते. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ मऊ होते, पण चव बिघडते आणि चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

कठीणपणाचे दोन प्रकार आहेत, तात्पुरता आणि कायमचा. बायकार्बोनेटांमुळे आलेला कठीणपणा पाणी उकळल्यावर जातो, म्हणून तो तात्पुरता. उकळताना कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर, किटलीच्या बुडाशी आणि शॉवरच्या छिद्रांत जमलेली पुटे ती हीच. म्हणजे तात्पुरता कठीणपणा पाण्यातून जातो आणि गिझरमध्ये कायमचा राहायला येतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला कठीणपणा उकळून जात नाही. त्याला धुण्याचा सोडा किंवा मिठावर चालणारे सॉफ्टनर यंत्र लागते. आरोग्याच्या दृष्टीने कठीण पाणी फारसे बदनाम नाही, जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आरोग्याधारित कमाल मर्यादा घातलेली नाही. नुकसान होते ते साबणाचे, गिझरचे आणि सूनबाईच्या लौकिकाचे.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ‘आयएस १०५०० : २०१२’ या नावाने ओळखले जाते. त्यात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आणि एकूण विरघळलेल्या घन पदार्थांची, म्हणजे लोकप्रिय भाषेत टीडीएसची, ५०० मिलिग्रॅम आहे. शेजारीच आणखी एक रकाना आहे : पर्यायी स्रोत नसल्यास चालवून घ्यायची मर्यादा. त्या रकान्यात कठीणपणा ६०० पर्यंत आणि टीडीएस २००० पर्यंत सोसण्याची मुभा आहे. संपूर्ण मानकात माणसाच्या अडचणीची जाण असलेला रकाना हाच. जंतूंच्या बाबतीत मात्र मानक एक पाऊलही मागे हटत नाही; १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय सापडता कामा नये, पर्यायी स्रोत असो वा नसो.

पालघर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, वसई-विरारपासून बोईसरपर्यंत, इमारतींमध्ये पाण्याच्या तीन जाती आढळतात : पालिकेचे, बोअरचे आणि टँकरचे. तिन्ही एकाच गच्चीवरच्या टाकीत एकत्र नांदतात आणि खाली येताना आपली जात सांगत नाहीत. ती ओळखण्याचे काम रहिवाशांवर असते. केस चिकट झाले तर बोअर, चहावर साय धरली तर टँकर, आणि नळाला पाणी अर्धाच तास आले तर पालिका. जिन्याखालच्या फळ्यावर सचिव लिहितात, ‘सदस्यांना कळविण्यात येते की उद्या बोअरचे पाणी सोडण्यात येईल, कृपया गिझर लावू नये.’ खाली कोणीतरी पेन्सिलीने विचारलेले असते, ‘आणि अंघोळ?’ सचिवांचे उत्तर सर्वसाधारण सभेपर्यंत प्रलंबित राहते.

अशा वस्तीत पाण्याचे पाणी जोखायला एक गृहस्थ येतात. त्यांच्या बॅगेत पेनाएवढा टीडीएस मीटर आणि चार सळ्यांचे एक छोटे विजेचे यंत्र असते. एका पेल्यात नळाचे आणि दुसऱ्यात त्यांच्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी ठेवून ते सळ्या बुडवतात आणि बटण दाबतात. काही क्षणांत नळाचे पाणी तपकिरी होते, त्यावर हिरवट-काळा गाळ तरंगू लागतो आणि घरातल्या ज्येष्ठांना मळमळते. दुसरा पेला निर्विकार असतो. वस्तुस्थिती अशी की क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तिने लोखंडी सळई विरघळते आणि गंज पाण्यात उतरतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज धड वाहतच नाही, त्यामुळे तिथे काही घडत नाही. पेल्यातली घाण त्या गृहस्थांनी सोबत आणलेल्या सळईचीच असते. पण तोवर पहिल्या हप्त्याचा धनादेश फाडून झालेला असतो.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. कॉलरा, कावीळ आणि हगवण यांच्या जंतूंची तो दखल घेत नाही. त्यामुळे आजारी पाडणारे पाणी मीटरवर ७० दाखवू शकते आणि निरोगी झऱ्याचे पाणी ३०० दाखवून बदनाम होऊ शकते.

रिव्हर्स ऑस्मोसिस, अर्थात आरओ, हे यंत्र मुळात खाऱ्या पाण्यासाठी. बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलले की क्षार मागे राहतात, आणि मागे राहिलेले खारट पाणी मोरीत सोडावे लागते. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर असे वाहून जाते. पडद्याने क्षार काढल्यावर पाणी बेचव लागते, म्हणून पुढच्या नळकांड्यात थोडे क्षार परत घालतात आणि त्या नळकांड्याचे वेगळे पैसे घेतात. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ यंत्रांवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले. खारट बोअरवर जगणाऱ्या इमारतीत हे यंत्र उपयोगी आहे यात वाद नाही. ते मुंबईतही घरोघर भिंतीवर चढलेले आहे, हा मात्र अभ्यासाचा विषय आहे. मुंबईचे नळाचे पाणी मुळातच मऊ आहे, कारण ते डोंगरातले पावसाचे पाणी आहे.

तो डोंगर या प्रकरणाचा मुख्य भाग आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मुकणे घराण्याच्या या संस्थानी गावाला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत असत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ही पदवी बदलून घ्यावी की नाही यावर निर्णय झालेला दिसत नाही. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली बेसाल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि सगळीकडे उतार. पाणी मुरायला जागा नाही आणि थांबायला सवड नाही. ते तडक ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून दुसऱ्या तालुक्यात जाते. खडकाशी इतकी कमी ओळख झालेल्या पाण्यात क्षार येणार कुठून? कठीणपणाच्या कसोटीवर हे पाणी सहज उत्तीर्ण होते.

जव्हार शहराला जयसागर धरणाचे पाणी मिळते. सप्टेंबरनंतर ते निवळते आणि नळाला येते तेव्हा साबणाला इतका फेस येतो की पाहुण्याची पंचाईत होते. विरारहून आलेला पर्यटक घरच्या सवयीने साबण घासतो. बोअरच्या पाण्यात साबणाचा चिकट साका अंगावर बसतो आणि त्याने कातडी करकरीत लागते. त्यालाच तो आजवर स्वच्छता समजत आलेला असतो. इथे साका होत नाही, अंग गुळगुळीत राहते, आणि साबण निघाला नाही अशा समजुतीने तो दुसरी बादली ओततो. मग तिसरी मागतो. लॉजचा मुलगा ती आणून देतो, पण मे महिन्यात त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मऊ नसतो.

मऊ पाण्यालाही दोष असतात. ते लोखंडी नळाला थोडे थोडे खाते, त्यामुळे बऱ्याच वेळाने नळ सोडला की पहिला तांब्या तांबूस येतो. हातपंपाच्या पाण्यात लोह जास्त असेल तर त्यातला चहा काळपट होतो; चहातल्या टॅनिनशी लोहाचा संयोग होतो, बाकी गूढ काही नाही. पण हे किरकोळ. इथल्या पाण्याची खरी परीक्षा ऋतूनुसार बदलते.

आषाढात पाणी लाल असते. उतारावरची माती ओढ्यात येते आणि ओढा विहिरीत डोकावतो. गढूळपणाची मानकातली मर्यादा १ एनटीयू आणि पर्यायी स्रोत नसल्यास ५; आषाढातल्या ओढ्याला हे कळवण्याची व्यवस्था नाही. पाणी निवळायला तुरटी फिरवतात. निवळीचे बी किंवा शेवग्याच्या बियांची पूड हेही जुने आणि खात्रीचे उपाय आहेत. गाळ खाली बसला तरी जंतू शिल्लक राहतात, म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम, पण ते ताज्या पावडरचे. जव्हारच्या पावसाळी हवेत पोते उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरते ती चुन्याची भुकटी, जी टाकल्याचे समाधान पूर्ण मिळते. खातरजमेसाठी ओटी चाचणी असते : पाण्यात थेंब टाकले आणि ते पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. पिवळे झाले की गावकरी म्हणतात पाण्याला पावडरचा वास येतो, आणि वास नसलेल्या झऱ्यावर जातात. शुद्धीकरण यशस्वी झाल्याची ही दुसरी खूण.

पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना कार्डे दिली जातात : जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळे, कमी तर हिरवे. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालेला खेळाडू मैदानाबाहेर जातो. इथे ते मिळालेल्या विहिरीला बाहेर काढता येत नाही, कारण बदली खेळाडू नसतो.

कार्तिकात पाणी नितळ होते. या काळातला नमुना प्रयोगशाळेत गेला तर त्यात काढण्यासारखे दोष फारसे सापडत नाहीत. नेमके याच सुमारास, दिवाळी उरकली की, अनेक कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघतात. पाणी जूनमध्ये डोंगर उतरते, माणसे दिवाळीनंतर. खाली पोचल्यावर त्यांना तिथले बोअरचे पाणी मानवत नाही. शिमग्याला ती परत येतात, तेव्हा घरचे पाणी मऊच असते, फक्त विहिरीत खूप खाली गेलेले असते.

चैत्रात पाडे डवऱ्यावर येतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात खड्डा उकरला की तळाशी पाणी झिरपू लागते. तो डवरा किंवा झिरा. बाई कडेला बसते, वाटी पाझराला लावते, वाटी भरली की कळशीत ओतते, कळशी भरली की हंड्यावर फडके टाकून त्यातून गाळते. मागची बाई आपला हंडा रांगेत ठेवून सावलीला जाते, आणि रांगेत हंड्याचा मान माणसाइतकाच असतो. हे पाणी वाळूतून गाळून आलेले, थंड आणि चवीला उत्तम. प्रयोगशाळेत त्याचा कठीणपणा पाहिला तर आकडा भूषणावह येईल. वाटीने हंडा भरायला किती वेळ लागला, हे नमुन्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहायला जागा नसते.

वैशाखात टँकर येतो. तो मागवण्याची रीत अशी : ग्रामपंचायत ठराव करते, प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार संयुक्त पाहणी करतात, आणि विहीर खरोखर कोरडी आहे अशी खात्री झाल्यावर मंजुरी मिळते. या काळात विहिरीने प्रामाणिकपणे कोरडे राहायचे असते. मध्येच एखादा वळवाचा पाऊस झाला तर प्रस्ताव अडचणीत येतो. टँकर पाणी घरोघर देत नाही, बहुधा विहिरीतच ओततो. वरून पाणी पडताच तळाचा चिखल उठतो आणि चोहोबाजूंनी दोर लावलेली भांडी सुटतात. त्या दहा मिनिटांत गढूळपणा, क्लोरीन आणि आम्लता यांपैकी कशाचेही मापन शक्य नाही, कारण मापन करणाऱ्याचीही बादली त्यातच असते.

टँकरचा सरकारी हिशेब माणशी रोज २० लिटरचा आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटर नळाचे. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी प्रचलित माप १३५ लिटर. पाच माणसांच्या घराला टँकरच्या मापाने १०० लिटर लागतात. हंडा १५ लिटरचा धरला तर सात हंडे. एका हंड्यातले पाणीच १५ किलो भरते, त्यात भांड्याचे आणि वरच्या कळशीचे वजन वेगळे, चुंबळ तेवढी फुकट. उलट शहरातल्या ज्या घरात आरओ यंत्र रोज १५ लिटर पाणी गाळते, तिथे ३० ते ४५ लिटर मोरीत जाते, म्हणजे टँकरवरच्या दोन माणसांचा दिवसभराचा वाटा. तो वाटा जिथून येतो ती जागाही लांब नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर मुंबई महानगरपालिकेचे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण आहे आणि त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्याच नदीवर १९५७ पासून मोडकसागर आहे. शेजारच्या विक्रमगड तालुक्यातले सूर्या नदीवरचे धामणी धरण वसई-विरारला पाणी देते. मुंबईचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात जाते, तिथे गाळले जाते, क्लोरीन घेते, घरोघर पोचते आणि भिंतीवरच्या यंत्रात पुन्हा गाळले जाते. जो कठीणपणा त्यात डोंगरावरही नव्हता, तो तिथे काढला जातो.

उपाय त्या त्या दोषाप्रमाणे करावेत. तात्पुरता कठीणपणा उकळून जातो, कायमचा सॉफ्टनरने. गढूळपणाला तुरटी आणि दुहेरी फडके. जंतूंना टीसीएल, मेडिक्लोरचे थेंब किंवा उकळी, आणि पाणी घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे, म्हणजे बोटे बाहेर राहतात. गावपातळीवर तपासणीसाठी प्रत्येक गावात पाच महिलांना संच देऊन प्रशिक्षण द्यावे, अशी जलजीवन मिशनमध्ये तरतूद आहे. वैशाखात त्यांना तपासायला आधी पाणी मिळवावे लागते, आणि ते काम बहुतेक ठिकाणी त्याच पाच जणींकडे असते. पाणी डोंगरावरच थोपवून धरायला ओढ्यावर सिमेंटच्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात, झऱ्याला भिंत बांधून टाकी करतात, उतारावर चर खणतात. हे उपाय पाऊस संपता संपता करावे लागतात, आणि पाण्याची टंचाई तेव्हा कोणाच्या लक्षात नसते. टंचाईची बैठक उन्हाळ्यात भरते. तिच्यात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात आणि बाटलीवर टीडीएस छापलेला असतो.